दोन एलिझाबेथ

जेवून जागेवर आले तेव्हा स्क्रीनवर पिवळी पट्टी आली होती : ‘संभाव्य दुबार नोंद. विलीन करायची?’ खाली दोन बटणं, हो आणि नाही. मी ‘हो’ दाबलं आणि पुढच्या पानाकडे वळले.

काम काय ते आधी सांगते. अमेरिकेत आपले पूर्वज शोधत बसणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी तिकडची जुनी चर्चची रजिस्टरं, जमिनीचे दस्त, बोटींच्या याद्या स्कॅन होऊन पुण्यात आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यातलं एकेक नाव रकान्यात भरतो. नाव, आडनाव, तारीख, ठिकाण, नातं. दिवसाला किती ओळी भरायच्या आणि हजारात किती चुका खपतील, हे ठरलेलं असतं. मजकूर वाचायचे पैसे नसतात, टाइप करायचे असतात. मला मात्र वाचायची खोड आहे. मोडी शिकले तेव्हापासूनची.

त्या दिवशीची बॅच डेलावेअरमधल्या वेल्श ट्रॅक्ट नावाच्या, बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथातल्या मंडळीची होती. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. मला तो शब्द या लोकांसाठी फारच चपखल वाटला, कारण यांच्याकडे इमारत नंतर आली, मंडळी आधी. वेल्समधल्या पेम्ब्रोक आणि कारमार्थन या दोन परगण्यांतल्या काही बॅप्टिस्टांनी १७०१ साली अमेरिकेला जायचं ठरवलं. आपापल्या चर्चची रीतसर परवानगी घेतली. त्यांच्यातच टॉमस ग्रिफिथ नावाचा एक पाळक, म्हणजे धर्मगुरू, होता. मग निघण्यापूर्वीच त्यांनी आपली स्वतंत्र मंडळी स्थापन करून टाकली, शिफारसपत्रं खिशात घातली आणि जून महिन्यात मिलफर्ड हेवन बंदरातून ‘जेम्स अँड मेरी’ जहाजात चढले. ८ सप्टेंबरला फिलाडेल्फियाला उतरले. म्हणजे चर्च जहाजात बसून गेलं. असं उदाहरण मी इतक्या वर्षांत टाइप केलेलं नाही.

तिथे पोचल्यावर जे झालं ते वाचताना मला हसू आवरेना. फिलाडेल्फियाजवळ पेनेपेकला बॅप्टिस्टांची मंडळी आधीपासून होती, आणि तिची सुरुवातही बरीचशी वेल्श लोकांनीच केलेली. त्यांनी या नव्या लोकांना प्रेमाने घरात घेतलं. श्रद्धा तीच, बाप्तिस्मा तोच, मोठ्या माणसाला पाण्यात पूर्ण बुडवून. फरक एवढाच, की बाप्तिस्म्यानंतर प्रत्येक सभासदाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झालीच पाहिजे, असं या सोळा जणांचं म्हणणं. पेनेपेकवाले तो आग्रह धरत नसत. झालं! अटलांटिक ओलांडून आलेली माणसं प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला, आपल्याच लोकांच्या पंक्तीला बसेनात. बाकी सगळं एकत्र, पंगत तेवढी वेगळी. बैठका झाल्या, जमलं नाही. अखेर १७०३ च्या सुमाराला त्यांनी डेलावेअरमध्ये आयर्न हिलजवळ जमीन घेतली आणि तिकडे राहायला गेले. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा मालक विल्यम पेन याने वेल्श लोकांसाठी ३०,००० एकरांचा तो पट्टा दिला होता. तडजोड झाली ती १७०६ साली, रॅडनरला एका सभासदाच्या घरी बसून. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फिया बॅप्टिस्ट असोसिएशन उभी राहिली, तेव्हा तिच्या पहिल्या पाच मंडळ्यांत पेनेपेक आणि वेल्श ट्रॅक्ट दोन्ही होत्या.

‘‘बॅप्टिस्ट म्हणजे आपल्या कॅरीसाहेबाचे ना?’’ शेजारच्या टेबलावरच्या सरांनी विचारलं. तेच. १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली मोडी टाइपातला मराठी कोश छापणारा विल्यम कॅरी याच पंथाचा. पण ही माणसं त्याच्या शंभर वर्षं आधीची, आणि धर्मप्रसार वगैरे यांच्या डोक्यात नव्हताच. यांना आपली जमीन हवी होती आणि आपली पंगत.

तर नावं. सॉफ्टवेअरचं खरं भांडण नावांशी चाललं होतं. यादीत टॉमस ग्रिफिथ आहे, ग्रिफिथ निकोलस आहे. एलिशा टॉमस आहे, मेरी टॉमस आहे, मेरी जॉन आहे. एकाचं नाव ते दुसऱ्याचं आडनाव. दर दोन ओळींना लाल खूण येई, ‘नाव आणि आडनाव उलटे पडले आहेत का?’ सकाळी मी या खुणा एकेक करून बंद करत होते आणि टार्गेट बोंबलत होतं. मग लक्षात आलं, की ही आडनावंच नव्हेत. वेल्समध्ये मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावत. त्यातला इनॉक मॉर्गन हा मॉर्गन अप रिदेर्खचा मुलगा. ‘अप’ म्हणजे मुलगा. आजोबा रिदेर्ख, बाप मॉर्गन, मुलगा इनॉक. त्याचा भाऊ एबल मॉर्गन पुढे पेनेपेकचा पाळक झाला. बायबलमधल्या शब्दांची त्याने केलेली वेल्श सूची त्याच्या मृत्यूनंतर १७३० साली फिलाडेल्फियात छापली गेली.

मी सरांना म्हटलं, आपल्याला हे कळायला इतका वेळ लागायला नको होता. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव बल्लाळ, त्याचा बाळाजी बाजीराव, त्याचा माधवराव बल्लाळ. बल्लाळ म्हणजे बाळाजीच, आणि आडनाव सगळ्यांचं भट. ही चार नावं आमच्या सॉफ्टवेअरला दिली असती तर त्याने एक बल्लाळांचं घराणं काढलं असतं, एक बाजीरावांचं, आणि भट कुणाला सापडलेच नसते.

मग मात्र हात झपाझप चालू लागले. आणि त्याच झपाट्यात मी ते ‘हो’ दाबलं. एलिझाबेथ ग्रिफिथ, ओळ नववी. एलिझाबेथ ग्रिफिथ, ओळ तेरावी. तेच पान, तेच साल, तेच ठिकाण. नियमाप्रमाणे दुबार.

पुढच्या पानावर मंडळीच्या नोंदवहीतला मजकूर होता. त्या वहीच्या सुरुवातीच्या नोंदी वेल्श भाषेतल्या. आमच्याकडे आलं होतं ते इंग्रजी भाषांतर, डेलावेअरच्या इतिहास संस्थेने १९०४ साली छापलेलं. त्यात साधं वाक्य आहे, आम्ही सोळा जण होतो. मी सवयीने मागची यादी पाहिली. तळाशी आकडा होता १५.

आधी वाटलं एखादी ओळ सुटली. पुन्हा मोजली. मग बोटांवर मोजली, टॉमस ग्रिफिथपासून जेनेट मॉरिसपर्यंत. पंधराच. आणि मग पोटात खड्डा पडला, कारण सोळावी बाई मीच तासाभरापूर्वी पुसली होती. आमच्याकडे विलीन केलेली नोंद आपल्याला परत उघडता येत नाही.

टीम लीड मॅडमकडे गेले. त्या नेहमीसारख्या शांत. ‘‘अगं, यादी करणाऱ्यानेच नाव चुकून दोनदा लिहिलं असेल.’’

‘‘तसं असतं तर दोन्ही धरून सतरा भरले असते, मॅडम. दोन्ही धरले तरच सोळा होतात.’’

त्यांनी स्वतः मोजलं. पेनने, स्क्रीनवर टकटक करत. ‘‘बरं. पण त्या दोघी कोण? एक पाळकाची बायको असेल. नात्याच्या रकान्यात टाकतेस का काही?’’ मोह मलाही झाला होता. टॉमस ग्रिफिथ पाळक आहे, म्हटल्यावर एक एलिझाबेथ त्याला लावून दिली की चित्र पूर्ण होतं. पण वेल्श बायका लग्नानंतरही बापाचंच नाव चालवत. कागदावर नातं लिहिलेलं नाही, म्हणजे रकाना रिकामा. अंदाज भरला की वीस वर्षांनी कुणाची तरी पणजी तीच होऊन बसते. मॅडमनी मान हलवली आणि क्वेरी, म्हणजे दुरुस्तीची लेखी विनंती, उघडायला सांगितली. माझ्या खात्यात एक चूक पडली. ती पडायलाच हवी होती.

क्वेरीत मी लिहिलं : मूळ मजकुरात संख्या १६, दोन्ही नोंदी धरल्यास १६, एक वगळल्यास १५. कृपया पुनर्स्थापना. तीन ओळींना अर्धा तास घालवला.

संध्याकाळपर्यंत उरलेली बॅच संपवली. इमारतीबद्दल थोडं होतं. १७४६ सालचं विटांचं प्रार्थनाघर, अजून उभं आहे. शेवटच्या भागात पुन्हा स्थलांतर आलं. १७३० च्या दशकात इथलीच काही कुटुंबं दक्षिण कॅरोलायनात पी डी नदीकाठी गेली आणि १७३८ साली तिथे ‘वेल्श नेक’ ही मंडळी उभी केली. त्यांच्या म्होरक्याचं नाव जेम्स जेम्स. सॉफ्टवेअरने ताबडतोब लाल खूण टाकली : ‘नाव आणि आडनाव एकच. दुरुस्त करा.’ मी ते तसंच ठेवलं आणि शेऱ्यात लिहिलं, ‘बरोबर आहे.’

सर तोवर बॅग भरत होते. मी सांगितलं, की अमेरिकेत गेल्यावरही यांनी पहिली तीसेक वर्षं वही वेल्शमध्ये लिहिली.

‘‘तीस?’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या भावाच्या पोरांनी न्यू जर्सीत सात वर्षांत मराठी सोडलं.’’

पुढच्या बुधवारी क्वेरीला उत्तर आलं, एका शब्दाचं. मंजूर. नोंद परत उघडली गेली, पण सिस्टीम जुना क्रमांक परत देत नाही, नवाच देते. त्यामुळे तेराव्या ओळीवरची एलिझाबेथ ग्रिफिथ आता आमच्या यादीत जेनेट मॉरिसच्याही खाली, सगळ्यात शेवटी आहे.