तुम्ही विचारलंत म्हणून: मराठवाड्यासाठी गाईडबुक कुठलं घ्यावं?

‘एकटाच निघतोय, गाडी नाही, एसटीनं फिरणार. वेरूळ-अजिंठा सोडून मराठवाडा बघायचाय. एका पुस्तकाचं नाव सांगा.’ हा प्रश्न मला वारंवार येतो, आणि मी एक नाव सांगत नाही म्हणून काहींना वाटतं, हा माहिती दाबून ठेवतो. दाबून ठेवण्यासारखं काही नाही. एका पुस्तकानं आठ जिल्हे निभत नाहीत, एवढंच आहे. का निभत नाहीत ते एकदा नीट सांगतो, मग पुस्तक तुमचं तुम्ही निवडा.

देशभराचं जाडजूड गाईडबुक उघडलंत तर त्यात मराठवाडा म्हणजे छत्रपती संभाजीनगर, वेरूळ, अजिंठा, दौलताबाद आणि जाता जाता लोणार. लोणार तर बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. या पानांवरचं बरंचसं बरोबर असतं: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, अजिंठ्याला फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटला उतरून लेण्यांपर्यंत वेगळी बस. पण तुम्हाला जायचंय चारठाण्याच्या, होट्टलच्या, धारासूरच्या जुन्या देवळांना, खरोशाच्या लेण्यांना. तिथं हे पुस्तक गप्प. मराठीतली पुस्तकं आपापल्या वाटेनं जातात. तीर्थक्षेत्रांचं पुस्तक औंढा, परळी, तुळजापूर, माहूर देतं, भक्तनिवासाची सोय सांगतं आणि औशाचा किल्ला गाळतं. किल्ल्यांचं पुस्तक नळदुर्ग, परांडा, उदगीर, कंधार देतं, पण किल्ला बघून झाल्यावर रात्री कुठं राहायचं ते सांगत नाही. शिल्पांवरचं पुस्तक मूर्तीच्या हातातली आयुधं मोजून देतं, तिथवर पोचायचं कसं ते नाही.

म्हणून दुकानात उभं राहून पुस्तक तपासा. आधी मुखपृष्ठाच्या आतलं पान. ‘पुनर्मुद्रण’ असेल तर मजकूर जुनाच आहे, छपाईचं साल काहीही असो; ‘सुधारित आवृत्ती’ हवी. मग सूची. २०२३मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. सूचीत जुनं आणि नवं दोन्ही नाव हवं, कारण जुने नकाशे, जुने लेख आणि म्हाताऱ्या माणसांची तोंडं जुन्याच नावांवर चालतात. अंबाजोगाईचं जुनं नाव मोमिनाबाद, तेही त्यात असेल, तर लेखकानं कागदपत्रं चाळली आहेत असं समजा. फक्त नावं बदलून आवृत्ती ‘सुधारली’ आहे का, ते एसटीच्या पानावर कळतं: मार्च २०२३पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. ते नसेल तर गाड्यांच्या वेळाही त्याआधीच्या. आणि प्रत्येक गावापुढे तालुका हवाच. पिंपळगाव आणि वडगाव नावाची गावं मराठवाड्यात गणतीच्या बाहेर आहेत. कळंब एक धाराशिव जिल्ह्यात, दुसरं यवतमाळमध्ये.

यानंतर जे पान बघायचं, त्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे: परतीचं पान. गावात जायचं कसं हे बहुतेक पुस्तकं सांगतात, यायचं कसं ते गाळतात. संध्याकाळी गावात जाणारी गाडी पुष्कळ ठिकाणी मुक्कामी असते. ती रात्री गावातच थांबते आणि सकाळी निघते. तुम्ही तिनं गेलात की रात्र गावातच. दिवसाच्या फेऱ्या बऱ्याचदा शाळेच्या वेळेवर बांधलेल्या. मानव विकास योजनेच्या निळ्या गाड्या तर मुलींच्या शाळेसाठीच, त्यामुळे दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या वेळांवर विसंबू नका. नवरात्रात तुळजापूरला, नाथषष्ठीला पैठणला, मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला जादा गाड्या सुटतात, त्या आगारातल्या नेहमीच्या फेऱ्यांतूनच काढल्या जातात. काळी-पिवळी जीप आठवडी बाजाराच्या दिवशी भरभरून धावते, एरवी प्रवासी जमेपर्यंत फाट्यावर उभी. म्हणून चांगलं पुस्तक गावाचा बाजारवार देतं, फाट्यापासून गाव किती किलोमीटर ते देतं, आणि वाट डांबरी की पाणंद, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, तेही सांगतं. ऑगस्टात काळ्या मातीची तीन किलोमीटर पाणंद म्हणजे दर पावलाला बुटाच्या तळाला चिकटणारा किलोभर चिखल. दुचाकीचं चाक मडगार्डमध्ये माती भरून फिरेनासं होतं. हा इशारा नसलेलं पुस्तक बहुधा हिवाळ्यात चारचाकीनं फिरून लिहिलेलं असतं. पितळखोऱ्यासारख्या दरीतल्या लेण्यांच्या पानावर आग्या मोहोळाचा उल्लेख हवा: अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको.

आता किल्लारी. मला विचारलेल्या प्रश्नांत हा हमखास असतो: ‘भूकंपाची जागा कुठल्या पुस्तकात आहे?’ याचं उत्तर लांबेल.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेरणेच्या खोऱ्यातली गावं झोपेत कोसळली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. घरं होती दगड-मातीची, जाड भिंतींची, वर माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं ते मातीचं छत वर्षानुवर्षं नवी माती टाकून जड होत गेलेलं, आणि भिंतीतले दगड एकमेकांत नीट न बांधलेले. भिंतीची आतली आणि बाहेरची फळी सुटी झाली, छत खाली आलं. हजारो माणसं गेली ती हादऱ्यानं नाही, आपल्याच छताखाली. त्यानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नावं तीच, जागा वेगळी. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, गल्ल्यांचं जुनं गाव नाही.

याचा गाईडबुकाशी संबंध असा. १९९३च्या आधीच्या सर्वेक्षणावर बेतलेला नकाशा तुम्हाला जुन्या गावठाणावर नेतो. तिथं एसटीचा थांबा नाही, चहाचं हॉटेल नाही, विचारायला माणूस नाही. एसटीच्या पाटीवर ‘किल्लारी’ लिहिलेलं असतं ते नव्या गावासाठी. जुन्या वर्णनात ‘गावाच्या मधोमध’ असं लिहिलेलं काहीही नव्या गावात शोधू नका. ते मधोमध आता शेताच्या बाजूला आहे. म्हणून औसा, लोहारा, उमरगा या तालुक्यांसाठी पुस्तक घेताना एकच बघा: जुनं आणि नवं गाव वेगळं दाखवलंय का, दोहोंतलं अंतर दिलंय का. नसेल तर पुढची पानं वाचायची गरज नाही.

आणि दुसरं. पुस्तकात किल्लारीपुढे ‘पाहायला लागणारा वेळ: अर्धा तास’ असं छापलं असेल, तर ते पुस्तक खाली ठेवा. त्या रात्री दहा वर्षांचा असलेला माणूस आज चाळिशीच्या पुढे आहे, आणि तुम्ही ज्याला रस्ता विचाराल तो तोच असू शकतो. दर ३० सप्टेंबरला तिथं श्रद्धांजली वाहिली जाते. पुस्तकानं सांगायला हवं की कुणाला ‘तुमच्या घरातले किती?’ विचारू नका, ढिगाऱ्यावर उभं राहून फोटो काढू नका, कुणी आपण होऊन बोललं तर ऐका. हे पर्यटनाच्या माहितीत बसत नाही असं मला सांगितलं जातं. मला वाटतं हे एसटीच्या वेळेआधी छापावं.

तर मग घ्यायचं काय? शिल्पांवरचं किंवा किल्ल्यांवरचं एक मराठी पुस्तक, तुमच्या आवडीप्रमाणे. त्याच्या जोडीला जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. राज्य गॅझेटियर विभागानं त्यांच्या संगणकीय प्रती उपलब्ध केल्या आहेत. पण शोधताना साल लक्षात ठेवा: जालना १९८१चा जिल्हा, लातूर १९८२चा, हिंगोली १९९९चा. जुन्या खंडात भोकरदन तालुक्यातलं अन्वा औरंगाबादमध्ये सापडेल, खरोसा उस्मानाबादमध्ये, औंढा परभणीत. उदगीर-निलंगा-अहमदपूरचं १९५६आधीचं काही हवं असेल तर बीदर जिल्ह्याखाली बघा. तिसरं, भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा, त्यात २ सेंमी म्हणजे १ किलोमीटर. ओढे, विहिरी, देवळं त्यात खुणांनी दाखवलेली असतात. तोही कुठल्या सालच्या सर्वेक्षणाचा, ते कोपऱ्यात वाचा. किल्लारीचं कारण वर सांगितलंच. मोबाइलचा नकाशा तालुक्याच्या गावापर्यंत उत्तम, पुढे तो पाणंदीलाही रस्ता म्हणतो.

पूर्वी मी म्हणत असे, पुस्तक नकोच, बसस्टँडवर गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या कंट्रोलरला विचारा, पारावर बसलेल्यांना विचारा. ते आजही खरं आहे. गाडीची आजची वेळ कंट्रोलरच सांगणार, छापील काही नाही. पण पारावरचा माणूस तुम्हाला गावाबाहेरच्या पडक्या देवळात पाठवत नाही, तो नव्या रंगाच्या मंदिरात पाठवतो, कारण त्याच्या लेखी देव तिथं आहे. पडक्या देवळाच्या ललाटपट्टीवर, म्हणजे दारावरच्या पट्टीवर, काय कोरलंय ते बघायचं असेल तर आधी वाचून जावं लागतं. दोन्ही बाजू मला पटतात आणि कुठलीच पुरती नाही.

एक गोष्ट मात्र अडून राहिली आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत जुन्या मूर्ती आणि वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) झाडाखाली, ओढ्याकाठी उघड्यावर पडलेल्या आहेत. पुस्तकात नेमकी जागा छापली तर तुम्ही पोचता, आणि मूर्ती उचलून नेणाराही पोचतो. छापली नाही तर उद्या बांधकामाच्या पायात तो दगड गेला तरी कुणाला कळत नाही. नोंद नसेल तर तक्रार कशाची करणार? मी स्वतः अशा ठिकाणांचा तालुका सांगतो, गाव सांगतो, शिवार सांगत नाही. त्यावरून माझ्यावर रागावणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.