१४७४ चं नाणं घेण्याआधी त्यावरचं साल वाचायला शिका

सातारा-सांगलीकडच्या संग्राहकांचा हात शिवराईवर आणि बहमनी, आदिलशाही तांब्यावर बसलेला असतो. बहुतेक शिवराई नाण्यांवर साल नसतंच, त्यामुळे अक्षरांची वळणं, ओळींची मांडणी आणि वजन यांवरून काळ ठरवायची सवय आपोआप लागते. बहमनी नाण्यावर हिजरी साल असतं, पण ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने नेमका त्याचाच एखादा आकडा कडेबाहेर जातो. ज्याची नजर या नाण्यांवर तयार झाली आहे, त्याला युरोपातली १५०० पूर्वीची साल असलेली नाणी अवघड जाऊ नयेत. तरीही या नादात पैसे वाया जातात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: साल वाचता येण्याआधी नाणं विकत घेतलेलं असतं.

आधी पल्ला समजून घ्या. इसवी सन कोरलेलं युरोपातलं सगळ्यात जुनं नाणं डेन्मार्कमधल्या रोस्किल्डच्या बिशपचं, १२३४ सालचं. त्याची इनमिन काही नाणी शिल्लक आहेत, म्हणजे ते फक्त पाहायचं. १३७० च्या दशकापासून जर्मनीतल्या आखेन शहराच्या ग्रोशन या चांदीच्या नाण्यावर रोमन आकड्यांत साल येऊ लागलं. आपण वापरतो त्या पद्धतीच्या आकड्यांत इसवी सन आलं ते १४२४ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या प्लापार्ट या चांदीच्या नाण्यावर. त्यावर अस्वल आहे. इंग्लंडच्या नाण्यांत हे शोधत बसू नका, तिथे साल यायला १५४० चं दशक उजाडावं लागलं. म्हणूनच 'इंग्लंडचं १४०० चं साल असलेलं नाणं' म्हणून कोणी काही दाखवलं, तर पुढे काही तपासायची गरजच नाही.

सुरुवात कुठून करावी, याबद्दल माझं मत ठाम आहे. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स द बोल्ड (आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सचा बराच भागही त्याच्याच ताब्यात होता) याने १४७४ पासून काढलेलं 'डबल ब्रिके' घ्यावं. चांदीचं, साधारण ३ ग्रॅम वजनाचं, २८-२९ मिमी व्यासाचं नाणं आहे. एका बाजूला समोरासमोर बसलेले दोन सिंह, त्यांच्या वर चकमकीचं पोलाद आणि उडणाऱ्या ठिणग्या. दुसऱ्या बाजूला नक्षीदार क्रूस. पुढे त्याची मुलगी मेरी हिच्या काळातही ही नाणी निघाली. टांकसाळ ओळखायला लेखाजवळची, म्हणजे कडेने कोरलेल्या मजकुराजवळची, बारीक खूण पाहायची: हाताचा पंजा असेल तर अँटवर्प, लिलीचं फूल असेल तर ब्रूज, गुलाब असेल तर डॉर्डरेख्त. साल आणि टांकसाळ यांच्या जोड्या जमवत गेलं, की तीन-चार वर्षांच्या नाण्यांतूनही भरगच्च संग्रह उभा राहतो. आणि तेव्हा इकडे काय चाललं होतं तेही आपल्याला जवळचं आहे. १४७४ म्हणजे हिजरी ८७८-७९, बिदरच्या गादीवर महंमदशहा बहमनी तिसरा आणि कारभार महमूद गवानच्या हाती. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे, हा आपला नेहमीचा हिशेब इथेही दोन्ही बाजू शेजारी मांडून देतो.

आता वाचन. लेखात 'ANNO' हा लॅटिन शब्द शोधायचा म्हणजे रोमन लिपीत ए, एन, एन, ओ. गॉथिक वळणात यातला एन बऱ्याचदा एचसारखा दिसतो, म्हणून नवशिक्याची नजर त्यावरून सरकून जाते. या शब्दापाठोपाठ आकडे येतात. नाण्याच्या माथ्यावर छोटा क्रूस असतो, तिथून सुरू करून घड्याळाच्या दिशेने वाचत जायचं.

त्या काळचा चार आजच्या इंग्रजी चारसारखा नाही. वर गाठ आणि खाली एकमेकांना छेदून उघडे पडलेले दोन पाय. मराठी वाचकाला तो ओळखायला एक क्षण पुरतो, कारण तो आपला ४ आहे, फक्त उलटा केलेला. सेंट गॅलनच्या १४२४ मध्ये असे दोन आहेत. कागदावर १४२४ लिहून दोन्ही ४ डोक्यावर उभे करून पाहा, म्हणजे भिंगाखाली काय शोधायचं ते पक्कं होईल. सात म्हणजे वर टोक आणि खाली दोन तिरके पाय. त्याला आडवी रेघ नसलेला रोमन ए समजून सोडून दिलं जातं. पाच सगळ्यात फसवा. काही ठशांवर तो आजच्या उघड्या तोंडाच्या इंग्रजी चारसारखा दिसतो, आणि त्यामुळे १४७५ चं नाणं १४७४ म्हणून विकलं जातं. पडताळा सोपा आहे: शतकाचा, म्हणजे सुरुवातीच्या एकनंतरचा, चार गाठीचा असेल, तर त्याच ठशातला शेवटचा चारही गाठीचाच असणार. दोन्ही वेगळे दिसले तर शेवटचा पाच आहे. काही नाण्यांवर शतक गाळून दोनच आकडे असतात, तिथे राजा किंवा ड्यूक कोण यावरून शतक ठरवावं लागतं.

रोमन आकड्यांत चार म्हणजे चार उभ्या रेघा, पाचातून एक वजा करायची पद्धत इथे नसते. रोस्किल्डच्या नाण्यावरही ३४ मधला चार असाच आहे. झिजून एक रेघ गेली तर साल एका वर्षाने मागे जातं. म्हणून रेघांमधलं अंतर मोजा. शेवटी जागा जास्त रिकामी वाटली तर तिथे काहीतरी होतं.

साल नीट वाचलं तरी ते आपलं साल असेलच असं नाही. नेदरलँड्सच्या त्या भागात नवं वर्ष ईस्टरला लागायचं. चार्ल्स लढाईत पडला तो आजच्या हिशेबाने ५ जानेवारी १४७७ ला, पण ब्रूजच्या कारकुनाच्या वहीत तेव्हा १४७६ चालू होतं. नोंदवहीत म्हणून नाण्यावर जे आहे तेच लिहा, 'सुधारलेलं' साल लिहू नका.

खोटं नाणं ओळखण्यात वजनाचा उपयोग आहे, पण ०.०१ ग्रॅमचा काटा पुरत नाही. घनता (वजन भागिले पाण्यात कमी झालेलं वजन) काढताना ३.०५ ग्रॅमचं नाणं पाण्यात ०.३० ग्रॅमने हलकं झालं तर घनता १०.१७ येते, ०.३१ ने झालं तर ९.८४. काट्याच्या एका घराने सगळं उत्तर बदलतं. शुद्ध चांदी १०.४९, तांबं ८.९६, या दोहोंमधल्या अंतरात मिश्रधातूचा निकाल लावायचा असतो, तेव्हा ०.००१ ग्रॅमचा काटाच हवा. पाण्यात बुडवल्यावर नाण्याला चिकटलेले बुडबुडे मऊ ब्रशने काढा, नाहीतर आकडा खोटा येतो.

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर किंवा विट्याच्या गलाईवाल्यांकडे एक्सआरएफ (क्ष-किरणांच्या) मशीनवर धातू तपासून मिळू शकतो. मात्र ते मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं. त्या काळी टांकसाळीतच चकत्या आम्लात उजळून घेत, त्यात पृष्ठभागावरचं तांबं निघून जाई. त्यामुळे आकडा आतल्या धातूपेक्षा चढाच येतो. चढा आकडा आला म्हणून नाणं खोटं ठरत नाही. कसोटीचा दगड मात्र लावू द्यायचा नाही, सराफ कितीही ओळखीचा असला तरी.

दहापट भिंगातून तीन गोष्टी पाहा. ओतीव नकलेवर अक्षरांच्या कडा गुळगुळीत आणि मैदानात, म्हणजे नक्षीमधल्या मोकळ्या जागेत, सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात. दोन भाग जोडलेल्या नकलेच्या कडेवर शिवण दिसते. आणि तिसरी, या नादातली खास लबाडी: खऱ्याच नाण्यावरचा एक आकडा कोरून बदललेला. तिथे आकड्याभोवती धातू खरवडलेला असतो आणि शेजारच्या अक्षरावरचा काळपटपणा तिथवर येऊन अचानक थांबतो. ऑस्ट्रियातल्या हॉल टांकसाळीच्या १४८६ च्या गुल्डिनर या मोठ्या चांदीच्या नाण्याबाबत आणखी सावध राहा; त्याच्या आधुनिक स्मरणिका चांदीतच निघाल्या आहेत, आणि त्या जुन्या म्हणून खपवल्या जातात.

चिंच, लिंबू, राख, चांदी उजळायची पावडर यांतलं काहीही लावायचं नाही. वरचा चांदीचा थर मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो. तो गेला की आतला तांबं मिसळलेला धातू उघडा पडतो आणि परत झाकता येत नाही. माती असेल तर डिस्टिल्ड पाणी, तेलकटपणा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन, एवढंच. वाकलेलं नाणं सरळ करू नका, जुनी चांदी ठिसूळ झालेली असते आणि तुटते. पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यांचा हिरवा चिकटा चांदी खातो. जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रबरबँड जवळपास नको, त्यातलं गंधक चांदी काळी करतं.

परदेशातून मागवताना विक्रेत्याकडून चार फोटो घ्या, प्रकाश चार दिशांनी आणि अगदी तिरका. एका दिशेच्या प्रकाशात आकड्याचा एक पाय सावलीत जातो आणि सात असलेला एक दिसतो. हे पैसे देण्याआधीच करायचं, कारण आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवायची मुभा खासगी व्यक्तीला नाही. 'पसंत नसल्यास परत' ही युरोपातल्या विक्रेत्याची सवलत त्यामुळे साताऱ्याच्या पत्त्यावर पोचलेल्या नाण्याला लागू होत नाही.