आत्या, जुनं गोवं आणि तेफळं

बुधवार, रात्री साडेदहा

माझ्या पायांचे तुकडे पडलेत. आत्या आत गाढ झोपलीय. सत्तरीची बाई, पण दिवसभरात एकदाही 'दमले' म्हणाली नाही.

सकाळी फोंड्यात पातळ भाजी-पाव आणि मिरची भजी खाऊन पणजीची बस धरली. आत्या कोल्हापूरची, त्यामुळे भाजीला "बरी हाय" एवढंच सर्टिफिकेट. जुन्या गोव्यात उतरलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्रचंड चर्च, मध्ये हिरवळ, मागे माड. तिने चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, "शहर कुठंय गं?"

पंचवीस वर्षं मी या रस्त्याने ये-जा करतेय. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

शहर नाहीच. आदिलशहाकडून पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कने ते 25 नोव्हेंबर 1510 ला घेतलं. तो सेंट कॅथरीनचा सण, म्हणून से कॅथेड्रल तिच्या नावाचं. पुढे साथींनी माणसं मेली, उरलेली पणजीकडे सरकली, 1843 मध्ये राजधानीही रीतसर तिकडे गेली. रिकामे वाडे पाडून त्यांचे चिरे पणजीच्या बांधकामांना लागले. चर्च तेवढी राहिली. आदिलशाही वाड्याच्या दाराची काळ्या दगडाची नक्षीदार चौकट सेंट कॅजेटनसमोर एकटीच उभी आहे. भिंत नाही, छप्पर नाही. आत्या त्या दारातून मुद्दाम आत गेली आणि बाहेर आली.

बॉम जेझू चर्च 1605 मध्ये पुरं झालं. 1950 च्या दशकात त्याचा गिलावा काढला, तेव्हापासून लाल चिरा उघडाच. "पैसे संपल्यासारखं दिसतंय," आत्या म्हणाली. आत संत फ्रान्सिस झेवियरचा देह ठेवलेली चांदीची पेटी उंचावर आहे. मी माहिती सांगणार, तेवढ्यात तिनेच सुरू केलं. 1683 मध्ये शंभूराजांनी जुवे बेट घेतलं, तेव्हा घाबरलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय इथेच आला आणि झेवियरच्या हातात राजदंड देऊन 'आता तूच वाचव' म्हणाला.

"मग?"

"मग काय, मागनं मोगल आलं. राजांना फिरावं लागलं."

तिचा आवाज घुमट फोडणारा. पहारेकऱ्याने दोनदा वळून बघितलं.

म्युझियमही केलं. उन्हात केलं, एवढंच लिहिते.

सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यापाशी मात्र बराच वेळ बसलो. 46 मीटर उंच. 1835 मध्ये मठ बंद झाला, 1842 मध्ये छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा तुकडा पडला. कापलेल्या भाकरीसारखा उरलाय. "घंटा कुठं गेली?" म्हणाली. म्हटलं, पणजीत दाखवते, आधी जेवू.

जेवण पणजीत, एका घरगुती खानावळीत. शीत (भात), बांगड्याचं हुमण (आमटी), तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी. हुमणातली तेफळं (मसाल्याची तिरफळं) चावायची नसतात, ताटाच्या कडेला सारायची असतात. हे सांगायचं राहिलं. आत्याने एक कडकन चावलं. आधी भुवया वर गेल्या, मग तिने जीभ बाहेर काढून बोटाने चाचपली. "जीभ गेली माझी!" मालकीणबाई हसून बेजार. मुंग्या ओसरल्यावर आत्याने दुसरं तेफळ उचललं, नुसतं हुंगलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. निघताना बाईंनी मूठभर सुकी तेफळं कागदात बांधून दिली. तांबड्या रश्श्याशी तुलना होईल म्हणून मी धास्तावले होते. तुलना झालीच नाही. तिने दोनदा शीत मागून घेतलं.

संध्याकाळी चर्च स्क्वेअरच्या पांढऱ्या पायऱ्या. वर टांगलेली मोठी घंटा ऑगस्टीनच्या मनोऱ्यातलीच. आधी आग्वाद किल्ल्याच्या दीपस्तंभावर होती, 1871 मध्ये इथे आली. आत्या पायरीवर बसून कितीतरी वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे शहर हिकडं आलं होय. आपण सकाळी उलट्या बाजूला उतरलो."

आता सगळ्या घराला तेफळांचा वास येतोय. पुडी तिने उशाखाली ठेवलीय, मी काढून डब्यात टाकीन म्हणून. उद्या गुरुवार, तिचा उपास. मासेवालीला नको म्हणून सांगायला हवं.