गोदावरी, कंसात गोदू

जन्मनोंदणीच्या फॉर्मवर बाळाच्या नावाच्या रकान्यात कंस करू नका. बाकीचं सगळं सांगतेच, पण हे आधी.

माझ्या मुलीचं नाव गोदावरी. माझ्या आजेसासूबाईंचं नाव. त्या नाशिकच्या, त्यामुळे मुलगी झाली तर हेच ठेवायचं हे लग्न झालं तेव्हापासूनच ठरलेलं होतं. बाराव्या दिवशी नणंदेने कानात कुर्रर्र केलं, घुगऱ्या वाटल्या आणि बारसं पार पडलं. घोडं अडलं ते घरी हाक काय मारायची यावर.

चार अक्षरी नाव दिवसातून शंभर वेळा तोंडात बसत नाही. नणंदेच्या मुलांनी ‘वरी’ काढलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘एकादशीला पातेल्यात वरी आणि पाळण्यातही वरीच का?’ ‘गोदी’ म्हटलं की बंदर आठवतं. माझ्या मैत्रिणींना काहीतरी नव्या वळणाचं हवं होतं, जे मूळ नावातून निघतच नव्हतं. तिथे मी ठाम नाही म्हणाले. लाडाचं नाव मूळ नावाच्या पोटातून यावं असं मला मनापासून वाटतं. गोदावरीला घरीदारी कियारा म्हणायचं असेल तर आजींचं नाव ठेवलंच कशाला? चारचौघांत ते नाव ऐकूच येणार नसेल तर ते फक्त कागदापुरतं उरतं.

उरले गोदा आणि गोदू. ‘गोदा’ छान आहे, गोदाकाठ, गोदातीर असं आपण नदीला म्हणतोच. पण महिनाभराच्या बाळाला मांडीवर घेऊन ‘गोदा’ म्हटलं की कोणा मोठ्या बाईंना एकेरीत बोलावल्यासारखं वाटायचं. ‘गोदू’ मात्र पहिल्याच दिवशी तोंडात बसलं. आईने फोनवर शंका काढली, ‘अगं, फार जुनं नाही वाटत? शाळेत चिडवतील.’ तेव्हा सासरे माझ्या बाजूने उभे राहिले. म्हणाले, वारली आदिवासींच्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकर १९०७ साली पुण्यातच जन्मल्या आणि अख्खा महाराष्ट्र त्यांना गोदूताई म्हणतो. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची मोठी वसाहत आहे, तिलाही गोदूताईंचंच नाव. आणि महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे, १८९३ साली पुण्यात त्यांचा पुनर्विवाह झाला, त्याही आधी गोदूबाईच होत्या. कोथरूडला आमच्या घरापासून कर्व्यांची संस्था आहे ते हिंगणं रिक्षाने दहा मिनिटांवर. एवढं ऐकल्यावर माझ्या मनात काही किंतु राहिला नाही. तुम्हाला सांगते, जुनं नाव ठेवायचं असेल तर ते आधी कोणी मिरवलं आहे ते शोधून ठेवा. नातेवाईकांना उत्तर देताना फार उपयोगी पडतं.

आता फॉर्म. हॉस्पिटलने जन्माची नोंद वेळेत पाठवली होती, पण नावाशिवाय. नाव नंतर घालता येतं, नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत घातलं तर शुल्क लागत नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. कार्यालय मात्र हॉस्पिटल ज्या भागात असेल तिथलं, आपण राहतो तिथलं नाही. माझी पहिली खेप यातच वाया गेली.

दुसऱ्या खेपेला बरोबर खिडकीवर अर्ज भरला. लाडाचं नाव आदल्याच आठवड्यात ठरलं होतं आणि मी त्याच आनंदात होते. रकान्यात लिहिलं, गोदावरी (गोदू). खिडकीवरच्या माणसाने वाचलं, शिक्का मारला, पोच दिली. एका शब्दाने अडवलं नाही. दहा दिवसांनी दाखला आला त्यावर नाव होतं गोदू. नुसतं गोदू. टंकताना कंसाबाहेरचं गळलं आणि कंसातलं राहिलं. हे कसं झालं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

तिथून पुढचे चार महिने मी विसरू शकत नाही. दुरुस्तीसाठी अर्ज लिहिला, ‘मुलीचे नाव बदलून मिळावे.’ खिडकीतून उत्तर आलं, ‘मॅडम, नाव बदल इथे होत नाही. राजपत्राचं बघा.’ मी म्हटलं, अहो, मला बदल नकोय, तुमच्याकडून चुकलंय ते नीट करून हवंय. ‘मग तसं लिहा ना.’ एवढ्या एका शब्दासाठी पुन्हा रांग, पुन्हा टोकन. म्हणून सांगते, अर्जात ‘दुरुस्ती’ लिहा, ‘बदल’ हा शब्द चुकूनही नको.

नवीन अर्जासोबत दोघांची आधार कार्डं, हॉस्पिटलचं पत्र, नोटरीचं प्रतिज्ञापत्र असं सगळं जोडलं. तर म्हणे, ‘तुम्हीच गोदू लिहून दिलं असेल, आमची चूक कशावरून?’ मी म्हटलं, मूळ अर्ज काढा, माझं अक्षर दाखवते. मूळ अर्ज रेकॉर्डमध्ये. रेकॉर्डच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. सोमवारी या. सोमवारी गेले तर गठ्ठे दुसऱ्या खोलीत हलवलेले. प्रत्येक वेळी दोन दुधांच्या मधल्या अडीच तासांत जायचं आणि यायचं, कोथरूडहून रिक्षाने. एकदा रांगेतच छाती भरून आली आणि मी तशीच परत फिरले. त्या दिवशी रिक्षात मी रडले. मुलीचं नाव आपण हौसेने निवडतो, आणि ते परत मिळवायला आपल्यालाच पुरावा द्यावा लागतो याचा फार राग आला होता.

मध्येच काही जणांनी सांगितलं, राहू दे गोदूच, गोड आहे. पण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांचा शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट सगळं या एका दाखल्यावर चालतं. घरात मारायची हाक आयुष्यभर प्रत्येक कागदावर का जावी? बाल आधार मी त्यामुळेच थांबवून ठेवलं होतं, आणि ते बरंच झालं. चुकीच्या दाखल्यावर पुढचा एकही कागद काढू नका, नाहीतर तेवढे सगळे दुरुस्त करत बसावं लागतं.

शेवटी तिथल्या एका वयस्क बाईंनी शोधलं. त्यांनी मला आत बोलावलं, सुतळीने बांधलेला गठ्ठा टेबलावर सोडला आणि एकेक कागद बोटाला पाणी लावून उलटत गेल्या. माझा अर्ज मध्यावर निघाला. निळ्या शाईत माझंच अक्षर, गोदावरी ठळक, आणि कंस एवढे मोठे की गोदू त्यात पाळण्यात घातल्यासारखं दिसत होतं. ‘अक्षर तुमचंच ना गं?’ त्यांनी विचारलं. मला बोलताच येईना, नुसती मान हलवली.

नोंदवहीतली मूळ नोंद खोडत नाहीत. कायद्याप्रमाणे दुरुस्ती समासात लिहितात आणि खाली सही, तारीख घालतात. त्यामुळे त्या वहीत गोदू तशीच आहे आणि शेजारी गोदावरी. नव्या दाखल्यावर मात्र एकच नाव आलं. तो हातात घेऊन सासूबाईंनी चष्मा लावला आणि आजेसासूबाईंच्या फोटोसमोर उभं राहून मोठ्याने वाचला.

आणि हो, राहिलंच. अर्ज खिडकीत सरकवण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे तो असता तर कदाचित एवढे हेलपाटे झाले नसते.