तुम्ही विचारलंत म्हणून: दुकान नाही, मग वही कसली?

दिवाळीत फराळाला येणारं प्रत्येक माणूस आधी चौरंगाकडे बघतं आणि मग माझ्याकडे. लाल कापडी बांधणीची कोरी वही, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी साळीच्या लाह्या आणि बत्तासे. "अहो, दुकान बंद होऊन आठ वर्षं झाली. आता वही कसली पूजता?" व्याह्यांनी विचारलं, जावयांनी विचारलं, खालचा गाळा ज्याला भाड्याने दिलाय त्या मोबाइलवाल्या पोरानेही विचारलं. दर वेळी मी "सवय आहे" म्हणून विषय मिटवला. सवय नाही ती. आता एकदा नीट सांगतो.

बार्शीच्या पेठेत आमचं किराणा-भुसार दुकान होतं. दुकान खाली, घर वर. अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवाळीच्या वहीला फार मानायचे. त्यांच्या उमेदीच्या काळात हिशोबाचं वर्षच मुळी दिवाळीला उलटायचं. पुढे 1989-90 च्या करआकारणी वर्षापासून सगळ्यांनाच 31 मार्चचं वर्ष सक्तीचं झालं, आणि दिवाळीची वही नुसती पूजेपुरती उरली. तरी अण्णा पाडव्याला तिच्यात पहिली रक्कम मांडायचेच. ते सांगायचे, गल्ल्यात कुबेर, दौतीत महाकाली, आणि वहीत सरस्वती. हे मी लहानपणापासून ऐकत आलो. वहीत लक्ष्मी नाही, सरस्वती आहे, याकडे मात्र माझं कधी लक्षच गेलं नाही. माझा सगळा जीव गल्ल्यात.

आणि आमच्याकडचा दुसरा नियम, जो तुमच्याकडेही असेल: लक्ष्मीपूजनाला दिवे लागले की पैसा उंबऱ्याबाहेर द्यायचा नाही. उधार नाही, सुट्टे नाहीत, कुणाचं देणं असलं तरी ते पाडव्याला.

या नियमाला कुणी अडाणीपणा म्हटलं की मला आजही राग येतो. भुसाराच्या धंद्यात पैसा थांबत नाही हो. सकाळी आलेली रक्कम दुपारपर्यंत आडत्याची पट्टी, हमाली, तोलाई, गाडीभाडं यांत निघून जाते. वर्षातली एकच संध्याकाळ अशी की गल्ला भरलेला आणि त्याला हात लावायला कुणी नाही. ती संध्याकाळ माझ्या आईसाठी काय होती ते मला माहीत आहे. ती गल्ल्यासमोर बसून नुसती बघत राहायची. शब्दही बोलायची नाही.

आता 2014 चं सांगतो. 23 ऑक्टोबर, गुरुवार. पूजा मांडून झाली होती. अण्णा पाटावर, गुडघे दुखत असूनही मांडी घालून. भटजी अजून दोन दुकानं पलीकडे होते. मी दारात.

आमच्याकडे तीस वर्षं पोती उचलणारे एक हमाल होते. सगळी पेठ त्यांना मामा म्हणायची. ते मजुरीतले पन्नास-शंभर आमच्याकडेच ठेवायचे. बँकेत जायला त्यांना संकोच वाटायचा. खतावणीत त्यांच्या नावाचं पान होतं आणि त्या दिवशी त्यावर 6,450 रुपये जमा होते. मजुरी हातावर ठेवली की ते न मोजता खिशात घालायचे. तीस वर्षांत त्यांना पैसे मोजताना मी बघितलं नव्हतं.

मामा पायरीखाली चपला काढून वर आले. दरवर्षी प्रसादाला यायचे तसे. मला वाटलं प्रसादालाच आलेत. मी त्यांच्या हातावर लाह्या-बत्तासे ठेवले. त्यांनी मूठ मिटली आणि हळूच म्हणाले, "शेठ, चार हजार पाहिजेत. लेकीला दवाखान्यात नेलंय, ऑपरेशन करावं लागंल म्हणतेत. आधी पैसे भरा म्हणतेत."

चार हजार. त्यांच्याच 6,450 मधले.

मी म्हणालो, "मामा, आत्ता? दिवे लागलेत. उद्या पहाटे या, पाच वाजता देतो."

ते काही बोलले नाहीत. एकदा पूजेकडे बघितलं. गल्ला तिथेच होता, उघडा, त्यावर झेंडूचा हार. मग मान हलवली आणि पायऱ्या उतरले. चपला घालताना मूठ तशीच मिटलेली. दोन-चार लाह्या पायरीवर सांडल्या.

अण्णांनी आतून विचारलं, "कोण होतं रे?"

मी म्हणालो, "कुणी नाही."

या दोन शब्दांवर मी आजही अडतो. नियम पाळला याचं मी समर्थन करू शकतो, अगदी आजही करू शकतो. नियम खरा वाटत होता तर अण्णांना सांगायला काय हरकत होती? ते पाटावर बसलेले, विचारलं असतं तर काय म्हणाले असते हे मला ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

मामा त्या रात्री पेठेत आणखी तीन दारांत गेले. तिन्ही दारांत पूजा मांडलेली. शेवटी बसस्टँडजवळच्या पानटपरीवाल्याने दिले. त्याने पूजाबिजा काही मांडली नव्हती, टपरी चालूच होती. लेक सुखरूप सुटली, नातू झाला. पण हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री मला झोप नव्हती. मध्यरात्री आई उठली, नव्या केरसुणीने माडीपासून दुकानापर्यंत झाडत आली, केर सुपात भरला आणि सूप वाजवत कोपऱ्यापर्यंत नेऊन टाकला. अलक्ष्मीला बाहेर काढायची ती रीत. पायरीवरच्या लाह्याही त्या केरात गेल्या. मी खिडकीतून बघत होतो.

पाडव्याला सकाळी शेजारच्या दुकानातून अण्णांच्या कानावर गेलं. मला एक अक्षर बोलले नाहीत. खतावणी काखेत घेतली, पैसे घेतले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी चालत मामांच्या घरी गेले. मी मागून गेलो. मामांनी आम्हाला चहा पाजला. पैसे घेतले, पण चार हजार नाहीत, सगळे 6,450. म्हणाले, "खातं मिटवा शेठ." अण्णांनी पानावर आडवी रेघ मारली, मामांनी खाली अंगठा दिला. निघताना गल्लीतल्या बायका दारात ओवाळत होत्या: इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. हे मी जन्मभर ऐकलंय. बळी कोण? दारात आलेल्याला नाही म्हटलं नाही तो. वामनाने तिसरं पाऊल मागितलं तेव्हा ज्याने डोकं पुढे केलं तो. आदल्या संध्याकाळी मूठ आवळायची आणि सकाळी त्याचं राज्य मागायचं, हे त्या गल्लीत मला पहिल्यांदा ऐकू आलं.

मामांनी काम सोडलं नाही. पुढेही रोज आले, पोती उचलली. फक्त मजुरी हातावर ठेवली की मोजायला लागले. बोट जिभेला लावून, एक एक नोट.

अण्णा 2016 च्या पावसाळ्यात गेले. त्याआधीच्या, 2015 च्या दिवाळीला त्यांनी पूजेआधी मला बसवून सांगितलं, आज कुणी मागायला आला तर द्यायचं. त्या संध्याकाळी दिलेही, एका गिऱ्हाइकाला पाचशे. पुढच्या वर्षीही दिले. आणि मार्च 2017 मध्ये दुकान बंद केलं. उधारी वसूल होत नव्हती, मोठ्या दुकानांच्या भावात माल परवडत नव्हता, ही कारणं मला पाठ आहेत. माझा भाऊ मात्र सरळ म्हणतो, "दोन वर्षं दिवेलागणीनंतर पैसा बाहेर काढलात, लक्ष्मी गेली." मी त्याच्याशी भांडतो. म्हणतो, 2014 ला कुठे काढला होता? तेव्हा कोणती राहिली? पण रात्री एकटा असलो की त्याचं वाक्य डोक्यात फिरतं. आमचं तीन पिढ्यांचं दुकान होतं ते. मी ते बुडवलं नाही असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येत नाही.

तर वही. अण्णा गेल्यानंतर मी कोरी वही आणतो, पूजतो, आणि पाडव्याला पहिल्या पानावर दोन ओळी मांडतो. पहिली, मामांच्या नावाचं खातं, जमा 6,450. ते मिटलंय, मला माहीत आहे, अंगठा माझ्यासमोर दिलाय. तरी मांडतो. दुसरी, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दारात आलेल्याला जे दिलं ते. बहुतेक वर्षी ती ओळ रिकामी राहते, कुणी येतच नाही. ज्यांना माहीत आहे ते त्या संध्याकाळी मागायला येत नाहीत.

मागच्या वर्षी आला. शेजारचा मुलगा, आईला दम लागलेला, रिक्षाला आणि औषधाला पैसे हवे होते, घरात कुणी नव्हतं. मी चौरंगावरचे दोन हजार उचलले. बायको म्हणाली, "हातात देऊ नका हो, उंबऱ्यावर ठेवा, त्याला उचलू द्या." चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझं सगळं ऐकलंय, हे एक ऐकत नाही. मी हातातच दिले. तो पळाला. ती गप्प उठली, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, लक्ष्मीची पावलं पुसट झाली होती ती रांगोळीने पुन्हा काढली, आतल्या बाजूला तोंड करून.

मी काही बोललो नाही. सकाळी वहीत दुसरी ओळ मांडली.