चिमणीचा हॅन्डब्रेक धरला एकदाचा (आणि डाव्या-उजव्याचा घोळ)

धरला! काल संध्याकाळी सोसायटीच्या बेसमेंटच्या उतारावर चिमणी न्यूट्रलमध्ये, ब्रेकवरून पाय काढलेला, हॅन्डब्रेकचा लिव्हर पाचव्या दातावर. दहा मिनिटं गाडी जागची हलली नाही. वॉचमनकाकांना वाटलं बंद पडली, ते ढकलायला आले.

चिमणी म्हणजे आपली १९९६ ची कार्बोरेटरवाली मारुती आठशे, एसबी-३०८ मॉडेल. नोंदणीची पहिली पंधरा वर्षं २०११ ला संपली, मग दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग, यंदाचं चौथं. वीस वर्षांवरच्या गाडीची फी आता दहा हजार, वर ग्रीन टॅक्स वेगळा. तेवढे भरून हॅन्डब्रेकपायी परत यायची माझी तयारी नव्हती.

हॅन्डब्रेक धरत नव्हता, तेव्हा मागच्या वेळी इथे ठामपणे म्हणालो होतो की दोष मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रमचा. लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेक-शूंचं अस्तर) नवे टाकले, दोनदा ब्रेक ऑइलमधली एअर काढली, हॅन्डब्रेकची केबल ताणली, तरी लिव्हर नवव्या दातापर्यंत यायचा आणि गाडी सावकाश मागे सरकायची. ड्रमच्या कडेला नख अडकेल एवढी पायरी पडली होती. म्हटलं, सापडला चोर.

मग इथल्या अंबड लिंक रोडच्या भंगार बाजाराच्या चकरा. २०१७ ला महापालिकेनं तो बाजार उठवला तेव्हा वाटलं होतं आता कुर्ल्याशिवाय गती नाही, पण शोधणाऱ्याला तिथे अजून मिळतं. फक्त आठशे कमी झाल्यात. खोललेल्या गाड्या म्हणजे निम्म्याहून जास्त वॅगन-आर नाहीतर इंडिका. तिसऱ्या चकरेला एका पत्र्याच्या शेडमागे मागून ठोकलेली आठशे दिसली, मागची दोन्ही चाकं जागेवर. ड्रम नगाला साडेतीनशे. माप घ्यायला व्हर्निअर खिशातून काढल्यावर शेडवाले चाचा हसले, "शेठ, सोनं घेताय का?" ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, मापल्याशिवाय घेऊ नका. सातपूरच्या लेथवाल्यानं हलका कट मारून आतून आरसा करून दिला. नाशकात राहण्याचा हा खरा फायदा, चांगला टर्नर गल्लीत मिळतो.

बसवले. उतारावर नेली. सरकली.

त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही ड्रम एकदम उतरवून मधोमध स्टूल टाकून बसलो आणि नुसतं बघत राहिलो, डावं, उजवं, परत डावं. शूंच्या मधला स्ट्रट (आडवी पट्टी, हिच्यावरच अ‍ॅडजस्टर असतो) दोन्हीकडे हुबेहूब एकसारखा. म्हणजे चूकच! तो आरशातल्यासारखा उलटा असायला हवा. गेल्या दिवाळीत डावा स्ट्रट गंजून गेला म्हणून ढिगातून एक सुटा आणला होता, तो उजव्या बाजूचा निघाला. त्यामुळे लायनर झिजेल तसा अ‍ॅडजस्टर पुढे सरकायचा तो डावीकडे सरकतच नव्हता. पेडल पहिल्या दाबाला खोल जायचं ते यामुळेच. आणि मी एअर काढत बसलो.

परत चाचांकडे. यावेळी सुटा पार्ट नको म्हटलं, डावी अख्खी बॅकप्लेट (ड्रममागची प्लेट) खोलून घेतली, स्ट्रट, लिव्हर, स्प्रिंगांसकट. सुटं घ्याल तर फसाल, निदान फोटो काढून जुन्याशी जुळवा. मात्र शू, व्हील सिलिंडर आणि होज भंगारातला कधीच नाही. सिलिंडर-होजमधलं रबर किती उन्हात पडलंय कोण सांगणार? इंजिनाच्या बाबतीत मी एवढा सोवळा नाही, ओम्नीचंही तेच ७९६ सीसीचं असल्यानं तिकडून काही उचलायला हात कचरत नाही. बिल मात्र मागून घ्या, पार्ट चोरीच्या गाडीचा नको.

आता रविवारी हेडलाइटसाठी मालेगाव गाठायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं: स्ट्रट चुकीचा असताना केबल मी ताणून ठेवली होती, ती तशीच आहे! थांबा, खाली जाऊन जॅक लावतो.

आलो. उजवं चाक हातानं फिरवलं तर घासतंय. केबलचा नट तीन आटे ढिला केला. लिव्हर आता सहाव्या दातावर, चाक मोकळं, आणि उतारावर धरतो. पासिंगला जाताना रस्त्यात ड्रम तापला असता, वाचलो.

मालेगाव रद्द. हेडलाइटच्या वाट्या काढून आधी पॉलिश करून बघतो, त्या फक्त पिवळ्या पडल्यात. अडलंय ते डाव्या टेललाइटच्या काचेपाशी, इंडिकेटरच्या कोपऱ्याला चीर आहे. नवीन मिळते ती बसते पण फटीतून पाणी झिरपतं, पहिल्या पावसात बल्बचा होल्डर गंजला. एसबी-३०८ ची ओरिजिनल डावी काच कुणाच्या माळ्यावर पडली असेल तर सांगा, माझ्याकडे बदल्यात उजव्या दोन आहेत. पासिंग पुढच्या मंगळवारी.