स्टिअरिंग थरथरतंय म्हणून लगेच डॅम्पर बदलू नका

जिप्सीसारख्या पुढे सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड दांडा, असलेल्या गाडीचं स्टिअरिंग खड्ड्यानंतर थडथडायला लागलं की गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो, डॅम्पर नवीन टाका. अहो पण डॅम्पर म्हणजे आडवा बसवलेला शॉकअपच, आत तेल आणि पिस्टन, तो फक्त झटका गिळतो, थरथर सुरू होते ती ढिल्या टाय रॉड एंडमुळे (स्टिअरिंगचा दांडा चाकाशी जोडणारा सांधा), किंगपिन बेअरिंगमुळे (ज्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ते) नाहीतर व्हील बॅलन्सिंग बिघडल्यामुळे. नवीन डॅम्परने हे सगळं काही काळ झाकलं जातं आणि मला तेच सगळ्यात धोक्याचं वाटतं. आधी हे सांधे, बेअरिंग आणि बॅलन्सिंग तपासा. मग डॅम्पर काढून हाताने दाबून-ओढून बघा, मध्येच सैल पडत असेल किंवा तेल गळत असेल तर बदलाच, आणि बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, डॅम्पर कुठेच अडकता कामा नये.